समुद्राचा दुसरा डोळा

चित्रातल्या डोंगराला डोळे आखून झाले आणि आमची खोली लांब झाली. आवाज वगैरे काही झाला नाही. समोरची भिंत मागे सरकली, तिच्याबरोबर कपाट सरकलं, शिलाई मशीन सरकलं आणि मशीनशेजारी पेपर वाचत बसलेला माझा नवरा यशवंतही सरकला. मधल्या जागेत नव्या फरश्या आल्या, त्याही जुन्याच नक्षीच्या. तसल्या फरश्या आता बाजारात शोधूनही मिळत नाहीत, म्हणून मला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

"कुंदे, मी लांब गेलो काय गो?" यशवंतने ओरडून विचारलं.

"डोंगर बघतोय," मी म्हटलं. "त्याला जवळचं दिसत नाही."

यशवंतला ते पटलं. तो साच्यांवरचा माणूस. मोठ्या वस्तूला मोठी जागा लागते, हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

आम्ही दोघं पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात वाढलो, त्यामुळे आमच्यात अहो-जाहो नाही. तो साच्यात शाडू भरायचा आणि मी आखणी करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे. ते सगळ्यात शेवटी. सोवळं, दागिने, उंदीर, सगळं रंगवून झालं की मूर्ती माझ्यापुढे यायची आणि मी श्वास धरून तिचे डोळे उघडायची. एक डोळा उघडून मधेच उठायचं नाही, हा आमच्या मालकांचा, आप्पांचा नियम. "घराला आग लागली तरी दुसरा डोळा आखून मग पळायचं," असं ते म्हणायचे. आग कधी लागली नाही, पण आम्ही तयार होतो.

मी आखलेले डोळे लोक वाजतगाजत घरी न्यायचे, त्यांच्यापुढे हात जोडायचे आणि मग पाण्यात सोडायचे. इतकी वर्षं आखले, त्यातली एक जोडी शिल्लक नाही. देवाच्या कामात असं मनात आणू नये म्हणतात, पण मला वाईट वाटायचं. फार वाईट वाटायचं. मला एक तरी चित्र असं हवं होतं की जे राहील, आणि कुणी विचारलं तर लोक म्हणतील, हे कुंदा म्हात्रेचं.

म्हणून मी ऋता कामत मॅडमची शिकवणी लावली. मॅडम पुण्याच्या. चित्र काढायला त्या शिकवत नाहीत, ते आपलं आपल्याला यायला हवं. चित्रकार म्हणून उभं कसं राहायचं, ते शिकवतात. दर बुधवारी मोबाइलवर त्यांचा चेहरा यायचा, मागे कुंडीत एक टवटवीत झाड. पहिल्याच वेळी त्यांनी विचारलं, "कुंदाताई, चित्र पूर्ण झालं हे तुम्हाला कसं कळतं?"

"डोळे उघडले की."

"मग तेच तुमचं. ते घट्ट धरा."

मी धरलं. वांग्याला डोळे आखले, पाटा-वरवंट्याला आखले, खाडीतल्या होडीला आखले. सवयीचा हात, त्याला दुसरं काय येणार? वांग्याला हातभर अंतर पुरलं. होडीला दारापर्यंतची जागा लागली. कुणाला किती लागेल हे आधी सांगता येत नसे, पण डोळे उघडले की खोली आपसूक तेवढी व्हायची. मग डोंगर झाला आणि यशवंत मला चहा सायकलवरून आणून द्यायला लागला.

"जागा वाढतेय!" मॅडम खूश झाल्या. "फार चांगली खूण आहे ही. कितीतरी कलाकारांची खोली वर्षानुवर्षं तेवढीच राहते."

डोंगर बघायला लोक येऊ लागले. ते बोलत यायचे आणि चित्रापुढे आले की गप्प व्हायचे. कुणी न सांगता चपला काढायचे. डोंगराच्या नजरेत माया नव्हती आणि रागही नव्हता. तो फक्त बघायचा, पूर्ण बघायचा, आणि बघता बघता आपल्या मागे जे जे असेल तेही बघायचा. अलिबागहून आलेल्या एक बाई त्याच्यापुढे फरशीवरच बसल्या. उठताना मला म्हणाल्या, "मला आजवर कुणी इतका वेळ बघितलंच नव्हतं हो." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं. आपल्या हाताने हे झालं यावर माझा विश्वास बसत नव्हता, अजूनही नीट बसत नाही.

एका बुधवारी मॅडम म्हणाल्या, "आता मोठं काम. मुंबईचे गॅलरीवाले यायला तयार आहेत. तुम्ही समुद्र घ्या."

यशवंत सायकल टेकवून ऐकत उभा होता. फोन बंद झाल्यावर त्याने विचारलं, "समुद्राला कुठवर दिसतं?"

"क्षितिजापर्यंत."

"म्हणजे सायकलचं काम नाय."

चित्राच्या मागे लगेच भिंत, तिथे माणूस मावत नाही. चित्राच्या पुढे जो असेल तो लांब जाणार. दार, मोरी, गॅस, अंथरूण, सगळं त्याच्याच बाजूला. कुंचला धरणारी तेवढी चित्रापाशी राहते. हे आम्हाला दोघांना कळत होतं. मला ते चित्र हवं होतं आणि मला यशवंतही हवा होता. लोक म्हणतात एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. मी तर एका खोलीत समुद्र आणि नवरा ठेवू बघत होते.

तरी मी समुद्र रंगवला. यशवंतनेच फळ्या जोडून चौकट केली, कापड ताणून दिलं. गॅलरीवाले यायच्या दिवशी सकाळी पाणी पुरं झालं आणि मी आखणीचा बारीक कुंचला घेतला. श्वास धरला. वरची पापणी, खालची पापणी, बुबुळ. पहिला डोळा उघडला.

तेवढ्यात फोन वाजला. फोन वाजला की उचलायचा, संधी दुसऱ्यांदा वाजत नाही, हे मॅडमनी माझ्याकडून इतकं घोटून घेतलं होतं की मी उठले. एक डोळा उघडा ठेवून उठले. जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं.

"ते पोचतच आहेत, कुंदाताई. झालं ना?"

मी वळून बघितलं आणि फोन माझ्या हातातून खाली ठेवला गेला.

समुद्र एका डोळ्याने बघत होता. तो डोळा रंगाचा नव्हता राहिला. त्यात खोलपणा होता, थंडी होती, जन्मापासून जागं असलेल्या कुणाचातरी धीर होता. माझे गुडघे आपोआप टेकले. मूर्तीपुढे इतकी वर्षं बसले, पण असं कधी झालं नव्हतं. मी हात जोडले आणि हसू लागले, का ते माहीत नाही.

खोली मात्र लांब झाली नव्हती. आखूडही राहिली नव्हती. एका डोळ्याला अंतर कळत नाही. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा म्हणजे समजेल. यशवंत माझ्या शेजारी उभा होता आणि क्षितिजावरही उभा होता, तांदळाच्या कणीएवढा.

"कुंदे, मी दोन्हीकडं हाय," तो म्हणाला.

"त्रास होतोय?"

"नाय. पण चष्मा कुठला लावू ते कळंना."

"राहू दे असंच," मी म्हटलं. "मी दुसरा आखतच नाही. चित्रही राहील, तूही राहशील."

मला खरंच वाटलं की जमलं. तेव्हा समुद्राची पापणी हलली. डोळा एकट्याने जडावत होता, बाळाचा जडावतो तसा. पापणी खाली येऊ लागली आणि ती जिथून सरकली तिथलं पाणी पुन्हा नुसता निळा रंग झालं, कापडाला लागलेला. जमिनीवरच्या फोनमधून मॅडम हाका मारत होत्या. बाहेर गाडी थांबली. तिचं दार लागल्याचा आवाज मला दोनदा आला, एकदा जवळून, एकदा फार लांबून.

"मिटतंय गो ते," यशवंत म्हणाला. "आख."

"तू जाशील."

"जाईन." त्याने चष्मा काढून खिशात ठेवला. "मी आयुष्यभर साचे भरले, कुंदे. सगळं बुडवलं लोकांनी. माझं काय शिल्लक हाय? तुझं नि माझं मिळून एक तरी राहू दे."

मला त्याचा राग आला. इतक्या वर्षांत त्यालाही तसंच वाटत होतं आणि मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

"हात दे," मी म्हटलं.

त्याने हात दिला. मी तो डाव्या हातात गच्च धरला आणि उजव्या हाताने कुंचला उचलला. श्वास धरला. वरची पापणी. खालची पापणी. हात जराही कापला नाही, त्याबद्दल मी स्वतःला कधी माफ करणार आहे की नाही, कोण जाणे. बुबुळ टेकवलं.

समुद्राला दिसलं.

भिंत गेली. दारात चपला काढणारी गॅलरीची माणसं दारासकट गेली. फरश्या येत राहिल्या, जुन्या नक्षीच्या, एकीमागून एक, आणि त्या संपतात तिथे उजेडाची एक रेघ उमटली. इतकं मोठं मी काही बघितलं नव्हतं, आणि ते सगळं मला बघत होतं.

यशवंतचा हात माझ्या हातातच होता. गरम, नखांत शाडू. मनगट दिसत होतं, कोपर दिसत होतं. त्याच्या पुढचा दंड फरश्यांवरून दूर दूर जात बारीक झाला होता, आणि खांदा त्या उजेडाच्या रेघेपाशी कुठेतरी असावा.

मी त्याचा हात दाबला, आणि तो दाब त्याला पोचायची वाट बघत राहिले.