दोन सह्यांमधली जागा

चष्मेवाल्यांना विमानाची भीती वाटायची. आयुष्यात एकदाच बसले होते, तेही डोळे घट्ट मिटून आणि शेजारच्या अनोळखी बाईंचं मनगट धरून. परत येताना दोन दिवसांचा आगगाडीचा प्रवास केला, पण विमान नको म्हणाले. आणि अशा माणसाच्या घरात भिंतीभिंतीवर लढाऊ विमानं. चित्रकारांनी काढलेल्या चित्रांच्या छापील प्रती त्या, पण खालच्या पांढऱ्या समासात त्याच विमानांतून लढलेल्या माणसांच्या सह्या, पेन्सिलीनं केलेल्या. शाई उडते, पेन्सिल उडत नाही, हे ते दुकानात नंबर काढायला आलेल्या गिऱ्हाइकालाही ऐकवत. तो बिचारा हनुवटी यंत्रावर टेकवून बसलेला असे, पळणार कुठे?

या सगळ्यांत एक प्रत त्यांनी तळहाताच्या फोडासारखी जपली होती. पहाटेचा समुद्र, त्यावरून घरी निघालेलं एक बॉम्बफेकी विमान, एक इंजिन बंद, मागे धुराची रेघ. विमानात माणसं चार, समासात सह्या तीन. पहिली पायलटची, मग चार बोटं मोकळी जागा, मग वायरलेसवाल्याची आणि शेवटी तोफवाल्याची. मोकळी जागा नॅव्हिगेटरची, म्हणजे नकाशा मांडीवर घेऊन वाट सांगणाऱ्या माणसाची. तुकडीच्या जुन्या पुस्तकात त्याचं नाव होतं आणि चौघांपैकी तो एकटाच अजून जिवंत होता.

चष्मेवाल्यांनी या नॅव्हिगेटरांना अकरा वर्षांत चौदा पत्रं लिहिली. उत्तर एकाचंही नाही. प्रती जमवणाऱ्या त्यांच्या मित्रमंडळींनी या प्रतीचं नाव 'दात पडलेली' असं ठेवलं होतं. सगळ्यांच्याच प्रतींचा तो दात पडलेला होता, पण चिडायचे फक्त चष्मेवाले, म्हणून चिडवायचं त्यांनाच. घरातही सुटका नव्हती. बायको धूळ पुसताना काचेवर बोट ठेवून मोठ्यानं मोजायची, "एक, दोन, तीन. अहो, अजून तीनच आहेत."

गुरुवारी दुकानात फोन आला. नॅव्हिगेटरांची मुलगी बोलत होती. बाबांचं कपाट आवरताना तिला चौदाच्या चौदा पत्रं सापडली होती, उघडून वाचलेली, सुतळीनं बांधलेली. बाबा चौऱ्याण्णव वर्षांचे आहेत, महिनाभरात फार खंगलेत, डॉक्टर आता फारसं काही बोलत नाहीत. "मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, चित्र घेऊन या म्हणावं, मला एकदा बघायचंय. शनिवारी दुपारी याल? दुपारी ते बरे असतात."

बघायचंय, एवढंच ती म्हणाली होती. पण चष्मेवाल्यांनी मनातल्या मनात मोकळ्या जागेत सही करूनही टाकली.

तिथून त्यांचा जीव टांगणीला लागला. म्हातारा शनिवारपर्यंत टिकेल ना? टिकला तर हात चालेल ना? हात चालला आणि पेन्सिल घसरून पायलटच्या सहीवर गेली तर? शुक्रवारी त्यांनी एका बाईंच्या चष्म्यात उजवी काच डावीकडे बसवली. त्या बाई संध्याकाळी जिन्याच्या कठड्याला धरून परत आल्या.

शनिवारी सकाळी त्यांनी प्रत चौकटीतून काढली आणि दुकानातलं भिंग डोळ्याला लावून समास तपासला. मोकळ्या जागेच्या मधोमध एक बारीकशी उभी रेघ होती, तांदळाच्या दाण्याहूनही लहान, फिकट. ती ते अकरा वर्षं बघत आले होते. राहिलेल्या माणसानं सही कुठे करायची याची खूण, असं त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. आता सही तिच्यावरच येणार आणि खालून ती घाणेरडी दिसणार. त्यांनी मऊ खोडरबराचा तुकडा बोटांत मळला, श्वास रोखला आणि टिपून टिपून रेघ उचलून घेतली. पाच मिनिटं लागली. भिंगातून पाहिलं तर कागद कोरा करकरीत. त्या आठवड्यात त्यांना बरं वाटलेली तेवढीच एक वेळ.

गुंडाळली तर कागदाला बाक येतो, म्हणून प्रत दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून ते बसमध्ये चोरासारखे अंग चोरून बसले. खिशात टोकं काढलेल्या सहा पेन्सिली, सरावासाठी कोरे कागद, पांढरे हातमोजे. शेजारी तेलकट पुडा घेतलेला माणूस बसला तसे ते उठले आणि उरलेला प्रवास उभ्यानं केला.

नॅव्हिगेटरांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खिडकीजवळ खुर्ची, तिच्यापाशी घरघरणारं प्राणवायूचं यंत्र, आणि खुर्चीत एवढासा झालेला माणूस. डोळे मात्र जागे. मुलीनं चहाचे कप नेमके टेबलावर पुठ्ठ्याला खेटून ठेवले. चष्मेवाल्यांनी दोन्ही कप उचलून खिडकीत नेऊन ठेवले आणि वर चहा छान झालाय म्हणाले, घोटही न घेता.

नॅव्हिगेटरांनी चित्राकडे पाहिलंच नाही. त्यांनी भिंग मागितलं आणि ते थेट समासावर धरलं. भिंग थरथरत पायलटच्या सहीवरून सरकलं, मोकळ्या जागेवर आलं, थांबलं. मागे गेलं, पुन्हा पुढे आलं.

"रेघ कुठंय?" त्यांनी विचारलं.

कुठली रेघ, असं मुलीनंच विचारलं. मग म्हातारबुवा दम घेत घेत बोलले. त्या रात्री त्यांना सर्दी झाली होती. कानाला दडा बसलेला असला की वर गेल्यावर पडदा फाटतो, म्हणून डॉक्टरांनी त्यांना खाली ठेवलं आणि त्यांच्या जागी दुसरा नॅव्हिगेटर गेला. बावीस वर्षांचा होता. विमान परत आलं ते तिघांना जिवंत घेऊन. पुस्तक लिहिणाऱ्यानं नेहमीच्या चौघांची नावं छापून टाकली. पुढे कितीतरी वर्षांनी या चित्राच्या प्रतींवर सह्या झाल्या, तेव्हा हे शेजारी बसून कागद सरकवत होते. दोनशे प्रती. पायलट सही करायचा, चार बोटं जागा सोडायचा आणि तिथे त्या पोरासाठी एक रेघ ओढायचा. दोनशे वेळा.

"मी त्या विमानात नव्हतोच," ते म्हणाले. "मला तुम्हाला तेच लिहायचं होतं. दर वेळी कागद घेऊन बसायचो."

मुलगी म्हणाली, बाबा, तुम्हाला दिसत नसेल, रेघ फिकट झाली असेल. तिनं स्वतः भिंग घेऊन पाहिलं आणि काही नाही म्हणाली.

नॅव्हिगेटरांचा चेहरा पडला. एवढ्या वयाच्या माणसाचा चेहरा आणखी पडू शकतो, हे चष्मेवाल्यांना माहीत नव्हतं. "म्हणजे पायलटसुद्धा विसरला," ते म्हणाले. "मला वाटायचं, मी एक वेळ विसरेन, तो विसरणार नाही." मग त्यांनी हात पुढे केला. "द्या पेन्सिल. इतक्या लांबून आलात. जागा रिकामीच आहे, तर करतो सही."

अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते आता हातभर अंतरावर होतं. तोंड बंद ठेवायचं, बस. रेघेची गोष्ट कोणाला कळणार नव्हती. चार सह्यांची एकुलती एक प्रत, मित्रमंडळींची तोंडं कायमची बंद. चष्मेवाल्यांनी पेन्सिल दिली. दिली, हे खरंच आहे, लपवण्यात अर्थ नाही. टोक कागदाच्या दिशेनं उतरू लागलं.

"थांबा," ते म्हणाले. "मी पुसली. आज सकाळी."

मुलीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की आता हाकलून देणार. चष्मेवाले खाली मान घालून बोलत राहिले. मला ती खूण वाटली, तुमची सही स्वच्छ यावी म्हणून पुसली, अकरा वर्षं होती आणि मीच पुसली.

नॅव्हिगेटरांनी डोळे मिटले. खांदे हलायला लागले, तशी मुलगी घाबरून यंत्राकडे धावली. पण ते हसत होते, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

"म्हणजे तो विसरला नव्हता," ते म्हणाले. "कुठे होती? नीट दाखवा."

चष्मेवाल्यांना ती जागा केसाच्या अंतरानं पाठ होती. त्यांनी हातमोजा काढून टाकला आणि उघड्या बोटाचं नख कागदावर टेकवलं. नॅव्हिगेटरांनी पेन्सिल दोन्ही हातांत धरली. रेघ वाकडी आली, ठळक आली, पहिलीच्या चौपट मोठी आली आणि खाली जाता जाता दोनदा थरथरली. पेन्सिल परत देऊन ते खुर्चीत मागे टेकले आणि मुलीला म्हणाले, यांचा चहा गार झाला, दुसरा टाक.

चष्मेवाल्यांनी घरी येऊन बूट काढता काढताच बायकोला सगळं सांगितलं. पेन्सिल आपण दिली होती, तेही सांगितलं. तिनं पुठ्ठा उघडला, पदराला हात पुसले आणि समासावर बोट धरलं.

"एक," ती पायलटच्या सहीपाशी म्हणाली. बोट वाकड्या रेघेपाशी आलं, तिथं जरा थांबलं. "दोन." मग पुढे सरकलं. "तीन. चार."

चष्मेवाले एक बूट हातात धरून तिथेच खाली बसले.