सिरिलची शेवटची बादली

"आज बाटल्या भरल्या नाहीत तर हंगामाच्या पहिल्या दिवशी काय पाजणार आहेस, एनिड? चहा?" रेजने ओली काचेची नळी बादलीतून काढून वहिनीच्या नाकासमोर नाचवली.

एनिडने नळी त्याच्या हातातून काढून घेतली आणि पुसून ठेवली. बिअरमधली साखर जसजशी आंबून संपे, तसतशी ती तरंगती नळी खोल बुडे आणि तिच्यावरच्या रेघेचा आकडा उतरे. तिच्या नवऱ्याला, सिरिलला जाऊन बारा दिवस झाले होते. आजारी पडण्याच्या आदल्या आठवड्यात त्याने बादलीत ही बिअर आंबवायला लावली होती. पंधरा वर्षं दर एप्रिलला, गिरणीमागच्या हिरवळीवर बोलिंग, म्हणजे गवतावर गोळे घरंगळवायचा खेळ, सुरू झालं की त्याच्या चाळीस बाटल्या बघता बघता रिकाम्या व्हायच्या. एनिडच्या वाट्याला तेवढ्या बाटल्या धुणं आलं होतं. ही शेवटची बादली हिरवळीपर्यंत पोचावी, एवढीच आता तिची इच्छा होती.

"तीन दिवस नळी विसाच्या रेघेवरून हललेली नाही. नळी थांबली की भरायचं, हे सिरिलचंच म्हणणं," रेज म्हणाला.

"तो आठावर थांबली की भरायचा. विसावर नाही."

"तुला कधीपासून कळायला लागलं गं यातलं?"

"बाटल्या कोण धूत होतं? तळातला उरलेला घोट कोण पीत होतं?" तिने बिअरमध्ये चमचा बुडवून चाखला. गोड होती, चहात साखर जास्त पडावी तशी. "ही तयार नाही रे, ही झोपलीय. तो इस्पितळात होता तेव्हा आठवडाभर घरात शेगडी पेटली नाही. बिचारं यीस्ट गारठलंय."

"आणि उठलंच नाही तर? त्याच्या हातचं शेवटचं नासवशील तू."

हे मात्र तिला लागलं. पण एनिड बर्टल्स रडत बसणाऱ्यांतली नव्हती. "राणीच्या जुबिलीला तू बाटल्या भरायची घाई केलीस, तेव्हा काय झालं? फडताळात बंदुकीसारख्या फुटल्या. तुझी बायको महिनाभर मुरांब्यातनं काचा वेचत होती."

 रेजने टोपी घातली आणि तो धुसफुसत गेला.

तिने बादली ओढत शेगडीजवळ आणली, लांब चमच्याने तळ हलकेच ढवळला, झाकण लावलं. सिरिलचं लोकरी जाकीट अजून दाराच्या खुंटीवरच होतं. तिने ते बादलीभोवती गुंडाळलं आणि पुढची बटणं लावली. त्याच्या पोटावर ती कधी लागत नसत.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती खाली आली तेव्हा झाकण एका बाजूने उचललं गेलं होतं आणि कडेने फेस आला होता. कान लावला तर आत बारीक सळसळ. एनिड तिथेच फरशीवर बसली आणि इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं रडून घेतलं.

नळी सोळावर गेली, बारावर, मग आठावर. आठावरच तीन दिवस राहिली. वरचा फेस बसला. चमच्यातला गोडवा गेला आणि जिभेवर कडसर चव राहिली. तेव्हा कुठे तिने रेजला निरोप पाठवला.

"ये. बाटल्या धुऊन झाल्यात. बुचं तू मार."

हंगामाच्या पहिल्या दिवशी ऊन चांगलं पडलं होतं. एकही बाटली फुटली नव्हती. पहिला घोट घेऊन खेळणाऱ्यांतला म्हातारा हॅलम म्हणाला, "सिरिलचीच."

"लावली त्याने. जगवली हिने," रेज मोठ्यांदा म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

संध्याकाळी ती बाकांखालच्या रिकाम्या बाटल्या गोळा करायला लागली.

"राहू दे गं," रेज म्हणाला. "आता कशाला लागणारेत त्या?"

"पुढच्या एप्रिलला," ती म्हणाली. हिरवळीच्या कडेच्या नळाखाली तिने पहिली बाटली धरली, विसळली आणि उजेडात धरून तळ पाहिला.