पानमळ्यावरची रेघ

"कागद उलटा धरला का रे? नदी त वर चढून राहिली!"

ताहेर हसला. "सायबाची रीत हाय, भगवंता. उत्तर वर ठेवतेत."

भगवंताने नकाशा आपल्या परीने फिरवला, तशी नदी खऱ्यासारखी दर्यापूरकडे वाहू लागली. निळ्या शाईतले पाट, विहिरींची वर्तुळं. त्याला अक्षर येत नव्हतं, पण खोऱ्यातलं पाणी तोंडपाठ होतं. इंग्रज साहेबाच्या मोजणीत साखळी धरणारा ताहेर त्याचा लहानपणापासूनचा सोबती. दोघे भगवंताच्या पानमळ्याच्या बांधावर बसले होते.

"हे माह्या पानमयावर तांबडं काय?"

"रस्ता." ताहेरने मान वळवली. "आगगाडी बडनेऱ्याले येऊन राहिली. कापसाच्या गाड्या न्यायच्या. काया मातीत चाकं फसतेत. सायबाले कडक जमीन पायजे होती."

भगवंताने मळ्याकडे पाहिलं. मळ्याखाली दोन हातांवर कडक मुरूम आहे, म्हणून तिथे पाणी साचत नाही आणि वेल जगतात. हे तिघांनाच ठाऊक होतं: त्याला, त्याच्या बायकोला सुभद्राला, आणि विहीर खणताना टोपल्या उचलायला आलेल्या ताहेरला.

भगवंताने कागद उन्हात तिरपा धरला. टेकाडाच्या कडेने शिसपेन्सिलीची एक रेघ खोडलेली होती. शिसं गेलं होतं, पण कागदावरचा दाब राहिला होता. बोट त्या खाचेतून सरकत थेट ताहेरच्या शेतात पोचलं.

"हे कावून पुसली?"

ताहेर बांधावरची माती उकरू लागला. मग म्हणाला, "कपाशी उभी हाय माही. असा भाव पुन्ना येते का? नईमा पोरीचं लगन हाय यंदा."

"मले इचारलं असतं त?"

"तू हो म्हटलं असतं?"

"नसतं म्हटलं. पण इचारलं असतं त."

मळ्यातून सुभद्राची हाक आली, "ताहेरभाऊ आले का? बाहीर कावून बसवलं? आत बोलवा, पान द्या त्याहिले!"

पानमळ्यात जोडे घालून कोणी शिरत नसे. ताहेर सवयीने वाकला.

"राहू दे," भगवंत म्हणाला. "घालूनच चाल. रस्ता हाय तो आता."

ताहेर तसाच थांबला, एक जोडा पायात, एक हातात.

भगवंत अनवाणी आत गेला. भरलेल्या सरीचं तोंड त्याने मातीने बुजवलं आणि पाणी पुढच्या वेलांकडे वळवलं.