सतराचा पाढा

त्या घरात पाय न वाजवता चालायची बंदी होती आणि हे सूनबाईला कुणी सांगितलंच नाही. सगळा घोळ झाला तो इथे.

सांगणार तरी कोण, म्हणा! घरच्यांच्या ते इतकं अंगवळणी पडलेलं की असा काही नियम आहे हेच कुणाच्या ध्यानात नव्हतं. सासूबाई कमरेच्या किल्ल्या खुळखुळवत खोलीत शिरायच्या. नवरा शीळ घातल्याशिवाय दार ढकलायचा नाही. आणि रविवारी अप्पांचे लढाईतले सोबती यायचे, काठीवाले काका, ते तर रस्त्यापासूनच काठी आपटत. अप्पा म्हणजे तिचे सासरे. सूनबाई मनात म्हणायची, माणसं सोन्यासारखी आहेत, पण काय बाई हा गोंगाट!

तिचं माहेर अगदी उलटं. आई रात्रपाळीची नर्स, दिवसा झोपायची. त्यामुळे पोरीने चालायचं ते चवड्यांवर, भांडं ठेवायचं ते फडक्यावर. माया करायची म्हणजे आवाज करायचा नाही, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. वडील तिला आठवतही नव्हते. बाप म्हणून हाक मारावी असं माणूस तिला भेटलं ते या घरात. ती शाळेत गणित शिकवायची आणि तिच्या सायकलची साखळी कधी कुरकुरली नाही, कारण घरामागच्या दुकानात दिवसभर लोकांची पंक्चरं काढून झाली, की अप्पा सगळ्यात शेवटी तिची सायकल पुसून ठेवायचे.

त्या दुपारी अप्पा जेवून खिडकीशी खुर्चीत बसले आणि त्यांचा डोळा लागला. सूनबाईला दिवस गेलेले, पोट दिसायला लागलेलं. तरी म्हातारा दमलाय म्हणून तिने चहा केला आणि कप घेऊन ती मागून आली. मांजरासारखी. हळूच तिने त्यांच्या खांद्याला हात लावला.

अप्पा उठले ते ओरडतच. हात असा काही फिरला की कप भिंतीवर फुटला, चहा हिच्या मनगटावर सांडला आणि ही कोपऱ्यात जाऊन आदळली. क्षणभर अप्पांच्या डोळ्यांसमोर ती नव्हतीच, भलतंच कुणीतरी होतं. मग त्यांनी तिला ओळखलं. तिच्या पोटाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अप्पा, मला काही झालं नाही. खरंच!"

अप्पा खाली वाकून कपाचे तुकडे वेचायला लागले. संध्याकाळी त्यांनी गादी गुंडाळली आणि दुकानात नेऊन टाकली. "काठीवाल्याकडे खोली रिकामी आहे," ते सासूबाईंना म्हणाले. "रविवारी त्याच्याबरोबर जातो. लेकरू यायच्या आधी मी या घरात नसलेलं बरं."

"इतक्या वर्षांनी हे काय खूळ?" सासूबाई रडवेल्या झाल्या.

"तुझं बोट बघ आणि मग बोल."

सासूबाईंनी वाकडी करंगळी पदराखाली लपवली. ती म्हणे दारात चिमटली होती! सूनबाईला तेव्हा कुठे उलगडा झाला.

रविवारी काठी वाजली तशी ती फाटकापर्यंत धावत गेली. "काका, त्यांना नेऊ नका. आणि हे सगळं काय आहे ते मला नीट सांगा."

काका ओट्यावर टेकले. "अगं, पहाटेचं धुकं होतं. मी पाणी आणायला खाली गेलो होतो. शत्रूला चाहूल लागू नये म्हणून परत आलो तो सरपटत. पहाऱ्यावर हा. डोळ्याला डोळा लागला नव्हता बिचाऱ्याच्या. त्याला वाटलं, आले! झाडली गोळी. माझ्याच मांडीत." काका खो खो हसले. "नेम धड असता तर आज तुम्हाला या काठीचा जाच नसता!"

सूनबाईला हसू येईना.

"लोक म्हणतात, याने मला लंगडं केलं. मी म्हणतो, याने मला पाठीवर घेतलं आणि डोंगर उतरवला. माझ्या पोरांना बाप दिसला तो याच्यामुळे. आयुष्यभर ऋणी आहे मी त्याचा. म्हणून लांबूनच काठी आपटतो. त्याला कळू दे, मी आलोय आणि धडधाकट आलोय."

सूनबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि पाठोपाठ रागही. म्हणजे किल्ल्या, शीळ, काठी, सगळ्यांनी आपापली वाट शोधलेली आणि मलाच तेवढं कुणी सांगू नये! ती तरातरा दुकानाकडे निघाली. पण दारात जायचं कसं? किल्ल्या सासूबाईंच्या, शीळ येत नाही, गळा तर असा की वर्गातली मुलं कान झाकतात. तोंडातून निघालं ते रोजचंच.

"सतरा एके सतरा!" ती अंगणातून ओरडली. "सतरा दुणे चौतीस! सतरा त्रिक एक्कावन्न! सतरा चोक अडुसष्ट! सतरा पाचा पंच्याऐंशी!"

आणि हुंदका आला. पुढचं काही केल्या आठवेना.

आतून खाकरल्याचा आवाज आला. "सतरा सक एकशे दोन. गणिताची बाई ना गं तू?"

"तुम्ही गेलात तर मला पुढचं कोण सांगणार?" ती दारातच रडायला लागली.

अप्पांनी हातातला पाना खाली ठेवला. मग त्यांनी गादी उचलली आणि घरात आणली. काका म्हणाले, "बरं झालं! घोरतोस किती तू."

तेव्हापासून त्या घरात सतराचा पाढा सुरू झाला. सूनबाई जिथे जाईल तिथे आधी पाढा, मग ती. सासूबाई म्हणायच्या, "नातवंड येईल ते पाढे म्हणतच येईल."

दिवस भरले. एका दुपारी नवरा कामावर, सासूबाई बाजारात आणि हिला कळा सुरू झाल्या. अप्पा खुर्चीत झोपलेले. ती भिंत धरत दारापर्यंत आली.

"सतरा एके सतरा. सतरा दुणे..." जोराची कळ आली, श्वास अडकला. पुढे जाऊन हात लावावा तर ती दुपार डोळ्यांपुढे आली. ती चौकट धरून कशीबशी पुटपुटली, "सतरा त्रिक..."

"एक्कावन्न," डोळे मिटूनच अप्पा म्हणाले. मग त्यांनी डोळे उघडले, अगदी शांतपणे. "काय गं, वेळ झाली?"

"हो, अप्पा."

ते उठले आणि त्यांनी आपला खांदा पुढे केला. त्याच खांद्यावर भार टाकून ती कोपऱ्यावरच्या रिक्षापर्यंत गेली.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात तिचा डोळा लागला होता. शेजारी लेक गाढ झोपलेली. दाराबाहेर कुणीतरी थांबलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणायला लागलं, "सतरा एके सतरा..."

"आजोबा, हळू! बाळंतिणी झोपल्यात," नर्स म्हणाली.

"थांबा हो. मी आलोय हे आधी तिला कळू दे. दचकायला नको पोर."

नर्स आईची लेक ही, इस्पितळात कधी आवाज चढवला नव्हता तिने. पण आज खणखणीत म्हणाली, "सतरा दुणे चौतीस! या आत, अप्पा."

अप्पा आत आले आणि नातीला घ्यायला त्यांनी दोन्ही हात पुढे केले.