चिकटपट्टी

तिने नखाने चिकटपट्टीचं टोक उचकटलं आणि पट्टी सर्रकन ओढून काढली. कॅमेऱ्यावरची गोल चकती कित्येक महिने त्या पट्टीखाली ‘ऑटो’वर जखडून पडली होती. घरच्या फोटो स्टुडिओतल्या सगळ्याच कॅमेऱ्यांची हीच गत. धाकट्या दिरांचा तसा हुकूमच होता, कोणी उगाच अक्कल पाजळायची नाही. मनातल्या मनात ती त्यांनाच ऑटो म्हणत असे.

“वहिनी, हे काय चालवलंय?” दीर वाळूतून तरातरा आले.

“पट्टी काढली, भावजी.”

“ऑटोला सगळं कळतं!”

“काय कळतं डोंबल! जास्त लाल दिसलं की त्याला वाटतं, काहीतरी बिघडलं. मग पुसून फिकं करतो. सूर्यास्ताची भर दुपार करून ठेवतो.”

लग्नाआधीपासून कॅमेरा चालवणारी बाई. पण नवरा गेला आणि तिला काउंटरवर बसवलं, लोकांचे फोटो पाकिटात भरायला. किनाऱ्यावरच्या हॉटेलला दर्शनी भिंतीसाठी सूर्यास्ताचा फोटो हवा होता, तेव्हा भरल्या ताटावरून ती सगळ्यांदेखत म्हणाली, मी काढणार. दीर हसले. फोटो हॉटेलला पसंत पडला तर कॅमेरा तुमचा, नाहीतर गुमान काउंटर.

सूर्य बुडाला. किनाऱ्यावरची माणसं चपला झटकत निघाली.

“संपलं,” दीर म्हणाले. “चला घरी.”

“आत्ता कुठे सुरू होतंय.”

आणि झालंही तसंच. आकाश खालून पेटत वर चढू लागलं. तिने ट्रायपॉडचे पाय वाळूत रोवले, लाली फिकी पडू नये म्हणून रंगाची सेटिंग ढगाळ हवेवर नेली, समोरच्या खडकावर हाताने फोकस लावला, उजेड हळूहळू झिरपावा म्हणून आयएसओ अगदी खाली आणला आणि शटर अर्धं मिनिट उघडं राहील असं ठेवलं.

“अर्धं मिनिट? वेड लागलंय का? दादाने डोक्यावर बसवून ठेवलं होतं तुम्हाला!”

तिचं डोकं सणकलं. डोक्यावर नव्हतं बसवलं त्याने, शेजारी उभं केलं होतं. पण तिने डोळा कॅमेऱ्याला लावला. लाली ओसरेपर्यंतच वेळ होता.

“बघतोच कसा काढता ते!”

दीर थेट कॅमेऱ्यासमोर गेले आणि पाण्याच्या कडेने येरझाऱ्या घालू लागले. घराण्याची अब्रू, स्टुडिओचं नाव, लोक काय म्हणतील, सगळं सगळं निघालं. तिने बटण दाबलं आणि हात मागे घेतले. बोलता बोलता त्यांना धाप लागली, पाय रेंगाळू लागले.

“बोला की, भावजी! थांबलात का?”

ते पुन्हा उसळून चालू लागले. शटर मिटलं.

फोटो बघायला ते फणफणतच आले. पडद्यावर समुद्र सायीसारखा पसरला होता. काळाभोर खडक, आणि वर लालभडक आकाश.  मग त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

“मी कुठेय? मी तर समोरच होतो!”

“होतात ना. पण सारखे हलत होतात. जे जागचं हलत नाही, तेच यात उतरतं.”

दीर एकदा खडकाकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले.

“अजून... आहे का लाली?”

“आहे थोडी. जा, खडकापाशी उभे राहा,” ती म्हणाली. “आणि आता एक शब्द नाही.”

दीर गेले आणि श्वास रोखून उभे राहिले.