गायरानातली पहिली हुडवी

बाई आमच्या परड्यात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा मला वाटलं, त्यांना शेणी विकत पाहिजेत. वैशाख होता. पावसाळ्याचं जळण झाकायची घाई होती आणि मी हुडवी लिंपत होते. वाळलेल्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, माणूसभर उंच गोल रचायच्या, वर निमुळतं करत न्यायचं, बाहेरून शेणकाल्यानं लिंपायचं आणि शेवटी उसाच्या पाल्यानं शाकारायचं, की झाली हुडवी. मग आषाढातही आत थेंब जात नाही.

बाईंचं नाव मीनाक्षी. कोल्हापुरात चित्रकला शिकवायच्या. गारगोटीच्या एसटीतून जाताना त्यांना आमची हुडवी दिसली, आणि पुढच्या थांब्यावर उतरून त्या मागं चालत आल्या. हे ऐकून माझा नवरा गुंडू म्हणाला, "एवढ्या उन्हाचं शेण बघाय आलासा? कोल्हापुरात म्हशी सपल्या व्हय?"

बाई हसल्या, पण त्यांचं लक्ष माझ्या बोटांकडं होतं. ओल्या लिंपणावर मी तीन बोटांनी नक्षी ओढत होते, खालून वर, जोंधळ्याच्या कणसासारखी. आमच्या गावात प्रत्येक घराची नक्षी वेगळी. सासू सुनेला शिकवते. कुणी शेणी चोरून पुन्हा लिंपून ठेवलं तरी परका हात लगेच ओळखू येतो.

बाईंना अगदी तशीच हुडवी पाहिजे होती. पण गायरानात, माळाच्या मधोमध, आणि पाला न घालता.

"पाला न्हाई घातला तर भिजंल की वो."

"भिजू दे. पाऊस तिचं काय करतो तेच मला बघायचंय. ढासळेल, वर गवत येईल. मी दर पंधरा दिवसांनी येऊन फोटो काढणार."

"आनि जाळनार कवा?"

"जाळायची नाही."

"मग ती म्हनायची कुनाची?"

"कुणाचीच नाही. माळाची."

मी विचारलं, चित्रच काढायचं तर कागदावर का काढत नाही. बाई म्हणाल्या, "कागदावर काढलं की घरी नेऊन भिंतीला लावतात. हे इथल्या शेणाचं, इथल्या मातीचं. इथंच उभं राहील आणि इथंच जाईल." त्यांचे शब्द सगळे मला कळले. बोलणं कळलं नाही.

शेणींचे पैसे त्यांनी आधीच दिले होते, आणि माणूस चांगलं वाटलं. तीन दिवस आम्ही दोघींनी काम केलं. बाईंनी बांगड्या काढून पिशवीत ठेवल्या, कोपरापर्यंत हात काल्यात घातले. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, नक्षी कुठली ओढू? त्या म्हणाल्या, "तुमची नेहमीची." मी कणसं ओढली.

इथं गावची एक रीत सांगायला पाहिजे. ज्या घराची हुडवी एका जागी एक पावसाळा उभी राहिली, ती जागा त्या घराची. मग तिथं दुसरं कुणी हात लावत नाही. गायरानात मात्र कुणी कधी हुडवी रचली नव्हती. ते जनावरांचं. आणि आम्हाला शेत नव्हतं, एक म्हैस होती. तिच्या दुधावर घर चालायचं आणि ती त्या गायरानावर चरायची. गायरान तरी केवढं, या कडेनं हाक मारली तर त्या कडेला ऐकू जाईल एवढंच.

हुडवी पुरी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या चंदनावैनी आल्या. बापूसो चौगुल्यांच्या घरच्या. शेती चांगली, परडं मात्र आमच्यासारखंच अडचणीचं.

"हौसा, गायरानात जागा धरलीस म्हनं."

"मी कशाला धरू? ती कोल्हापूरच्या बाईंची हाय."

"कोल्हापूरच्या बाईनं जागा धरली?"

"न्हाई वो. कुनाचीच न्हाई ती. माळाची हाय."

"आनि नक्षी?"

"नक्षी माझी."

वैनी माझ्याकडं बघत राहिल्या. "व्हय. मी बी माळाचीच रचतो मग एक," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

सगळं घर राबवून संध्याकाळपर्यंत त्यांनी ती उभी केली. दुसऱ्या दिवशी तीन झाल्या. ज्यांच्या घरात शेणी नव्हत्या त्यांनी उसन्या आणल्या. आठ-दहा दिवसांत गायरानात सतरा हुडव्या झाल्या, सतरा नक्ष्यांच्या, आणि प्रत्येकीच्या भोवती चार धोंडे मांडलेले. माझी म्हैस त्यांच्यामधून तोंड खाली घालून फिरायची आणि कुणी ना कुणी ओरडायचं, "हौसा, तुझं जनावर आमच्या जागंत आलंय!"

मी सरपंचाकडं गेले. बाळासो माणूस तसा सरळ.

"तात्या, त्यास्नी सांगा की काढा म्हनून."

"कुनाच्या तोंडानं सांगू? पयली तुझी हाय. तुझी मोड, मी दुसऱ्या मिनटाला दवंडी देतो."

"पर ती बाईंची हाय."

"मग बाईला इचार. मिरगाच्या आत काय ते करा. एकदा पावसाळा निघाला की माझ्या बानं सांगितलं तरी कोन उठनार न्हाई."

बाई ठरल्या दिवशी आल्या. माळाच्या कडेला थांबल्या आणि तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, रडतात.

"हौसाबाई! सगळ्या गावानं केलं? कुणी सांगितलं त्यांना?"

"कुनी न्हाई सांगितलं."

"आपण होऊन?"

"व्हय. आपन हूनच."

खरंच होतं ते, म्हणून सांगितलं. बाई एकेका हुडवीपाशी जाऊन नक्षीवर हात फिरवू लागल्या, वहीत लिहू लागल्या. वही आणि कॅमेरा बघून बायकांना वाटलं, मोजणीला आल्यात. ज्या त्या आपापल्या हुडवीशेजारी येऊन उभ्या राहिल्या. चंदनावैनी डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाल्या, "बाई, आमची हितनं त्या धोंड्यापातूर. नीट लिवा."

"धोंडाही त्यातलाच?"

"तर वो! धोंडा आमचाच."

"धोंड्यासह," बाईंनी आनंदानं लिहिलं.

मला हसावं की काय करावं कळेना. शेवटी मी त्यांचा पदर धरून त्यांना बाजूला घेतलं. "बाई, ह्या शोभेला न्हाईत केल्याल्या. जागा धरल्यात समद्यांनी. माझी म्हस आता कुठं चरायची?" मग रीत सांगितली, बाळासो काय म्हणाले तेही सांगितलं.

बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "पण आपली तर कुणाचीच नव्हती."

"कुनाची न्हाई म्हनल्यावरच सगळी जागा धराय पळाली न्हवं!"

"एक पावसाळा, हौसाबाई. एवढाच द्या. पाऊस पडल्याशिवाय हे काम पुरं होत नाही. एसटीतून हुडवी दिसली तेव्हापासून मी हेच डोक्यात घेऊन फिरतेय."

"एक पावसाळाच तर नको हाय, बाई."

त्या मटकन धोंड्यावर बसल्या. वैनी लांबून ओरडल्या, "त्येच्यावर बसू नगा, मापात घेतलाय त्यो!"

मी घरून खोरं घेऊन आले. बाई "थांबा" म्हणतील असं वाटलं, म्हणून जरा थांबलेही. पहिला घाव कणसांवरच बसला. लिंपण खडखडीत वाळलं होतं, सोडायला तयार नव्हतं. अर्धी हुडवी उतरल्यावर बघते तर बाईंनी कॅमेरा खाली ठेवलेला आणि त्या पाटीत शेणी भरत होत्या. घरापर्यंत आम्ही मिळून बारा-तेरा खेपा केल्या. वाटेत एकदाच त्यांनी विचारलं, "ह्या आता जळणार?"

"जळनार."

"बरं," त्या म्हणाल्या. रागानं म्हणाल्या की नुसतंच, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाळासोंनी दवंडी दिली. दोन दिवस माझा उद्धार झाला, पण हुडव्या निघाल्या. चंदनावैनींची सगळ्यात शेवटी. श्रावणापर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. म्हैस मात्र पोटभर चरली.

दिवाळीनंतर माझ्या नावानं पुठ्ठ्याचं मोठं पाकीट आलं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, म्हणून पोस्टमननं ते बाळासोंच्या सोप्यात उघडलं. आत फोटो होता, परातीएवढा. सगळं गायरान आणि सतराच्या सतरा हुडव्या. चिठ्ठीत बाईंनी विचारलं होतं, फोटो पोचला का, आवडला का?

सोपा बघता बघता भरला. चंदनावैनी पुढं घुसल्या. "लिंबापासनं तिसरी आमची! धोंडाबी आलाय!"

"वैनी, ते उन्हाळ्यातलं हाय," बाळासो म्हणाले.

"फोटूवर लिवलंय व्हय उन्हाळा? हुडवी उभी हाय का न्हाई? उद्या तलाठ्याला दावतो."

कुणी हसलं नाही. मागून आणखी दोघी बोट लावून आपली मोजायला लागल्या. मी म्हणाले, "माझ्या नावानं आलाय," आणि तो काढून घेतला.

घरी तो मांडीवर घेऊन बघत बसले. तो आपला माळ वाटतच नव्हता. लांबच्या कुठल्या मुलखातला वाटत होता. पण नजर काढवत नव्हती. सगळ्यांच्या मधोमध माझी कणसं, एकेक ओळ मोजता येईल अशी. त्यावर पाऊस पडला असता तर कशी दिसली असती, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आलं.

"काय करनार आता?" गुंडूनं विचारलं.

"दूध तापवतो," मी म्हणाले आणि फोटो चुलीत सारला. जाड होता. लवकर पेटला नाही.

सकाळी वैनी आल्याच. "हौसा, फोटू दे जरा."

"म्हशीनं खाल्ला."

"पाकिटासकट," गुंडू मान वर न करता म्हणाला.

वैनींनी म्हशीकडं बघितलं. ती रवंथ करत होती. "मग उद्याचं शेन मला दाव," म्हणाल्या.

बाईंना उत्तर शाळेतल्या गुरुजींकडून लिहून घेतलं. 'फोटो पोचला. आवडला.' दोन्ही खरं होतं. तिसरं, म्हणजे तो चुलीत का घातला हे, गुरुजींच्या हातानं लिहून घेता येत नव्हतं, कारण फोटोत त्यांच्या स्वतःच्या घरचीही हुडवी होती.

बाईंचं उलट कार्ड आलं. आवडला हे वाचून फार बरं वाटलं; आता सतराही घरांसाठी एकेक प्रत काढून पाठवते, थोडा वेळ लागेल.

त्यानंतर पोस्टमनची सायकल लांबून दिसली की मी हातातलं काम टाकून वेशीकडं पळायची. तिथं पोचल्यावर त्याला काय सांगायचं, ते मात्र मला माहीत नसायचं.