जेवणाचं पाणी

मंगळवारी, बाराला वीस मिनिटं कमी असताना, बांधाच्या पायथ्याशी बारा पाझर होते. आदल्या मंगळवारी अकरा होते. सहा पाझर विलोच्या झाडांच्या मुळांशी, चार उंच गवतात, एक बुजलेल्या दगडी मोरीच्या तोंडाशी. बांधाची दर मंगळवारची तपासणी माझ्याकडे आहे; हे अकरा माझ्या वहीत एप्रिलपासून होते आणि त्या दिवशीही त्यांचं पाणी स्वच्छ होतं. बारावा विलोंच्या जवळच होता आणि त्याचं पाणी दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं होतं.

मातीचा बांध पाझरतोच. पाणी स्वच्छ असेल तर बांधाला घाम आलाय, असं आमच्याकडे म्हणतात. गढूळ पाण्याबद्दल कुणी काही म्हणत नाही, कारण गढूळ पाण्यातून बांधाची माती बाहेर येत असते.

मी सायकलची पाऊण लिटरची बाटली रिकामी करून बाराव्या पाझराखाली धरली. ती तीन सेकंदांत भरली. मिनिटाला पंधरा लिटर. बाटली उन्हात धरली तर तळाशी रेती बसत होती.

मान वर केली. माझ्या डोक्याच्या वर साडेतीन मीटरवर बांधाचा माथा, माथ्यावर या वसंतात डांबर टाकलेली सायकलवाट, आणि तिच्या पलीकडे काठोकाठ कालवा. एक म्हातारं जोडपं गप्पा मारत सायकलवरून गेलं. त्यांच्या चाकांची सरसर मला खालून ऐकू आली. या वाटेवर मोटारींना बंदी आहे आणि दोन लॉकच्या, म्हणजे होड्यांना पाण्याची पातळी बदलून देणाऱ्या दरवाजांच्या हौदांच्या, मधल्या चार किलोमीटरांत दुसरा रस्ताच नाही. लोक त्यासाठीच इथे येतात.

बांध आणि नदी यांच्या मधल्या कुरणात एकच घर आहे. बाराव्या पाझरापासून वरच्या लॉकच्या दिशेने दोनशे साठ मीटरवर. तिथे माझी बहीण पेरीन राहते आणि सायकलवाल्यांना खोल्या भाड्याने देते. दुपारी तिचा आठ महिन्यांचा एलोई झोपतो, त्याच्याबरोबर तीही झोपते, आणि फोन वाजून पोर उठू नये म्हणून तो पिठाच्या डब्यात ठेवते. मी तरीही तीनदा फोन लावला.

घर एका बाजूला होतं आणि आठशे पन्नास मीटरवर, दुसऱ्या बाजूला, खालचं लॉक. तिथे ओनोरीन होती. या टप्प्याची दोन्ही लॉक तीच सांभाळते, स्कूटरवरून वर-खाली करत. बारा ते एक लॉक बंद. त्या तासात किनाऱ्याला बांधलेल्या होड्या चिखलात रुतू नयेत म्हणून साडेअकराला ती वरच्या लॉकमधून जादा पाणी सोडते. त्याला सगळे जेवणाचं पाणी म्हणतात. म्हणजे पातळी अजून चढतच होती. बाराला ती सगळ्यात जास्त असणार होती.

आधी पाणी, मग पेरीन, असं मी ठरवलं. ते बरोबर होतं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

ओनोरीन अक्रोडाखाली मसूर आणि सॉसेज घेऊन बसली होती. घामाघूम का, कुणी मागे लागलंय का, असं विचारून तिने मला वाडगा पुढे केला. मी पाझराबद्दल सांगितलं. ती चावत राहिली.

"पोरी, हा बांध माझ्या सासऱ्याच्या वेळेपासून पाझरतोय. तुम्हा शिकलेल्यांना ओल दिसली की पूरच दिसतो."

"गढूळ आहे, मादाम ओनोरीन. रेती येतेय."

"पाणउंदीर उकरत असेल. एक वाजता बघू. मसूर गार झाले तर त्यांना कोण विचारतंय?"

मी तिला विचारलं, आज पाणी कुठपर्यंत भरलं. खुणेपर्यंत, ती म्हणाली, चोवीस वर्षं खुणेपर्यंतच. खूण म्हणजे लॉकच्या वरच्या दरवाजाशेजारी काठावर बसवलेला एक दगड, त्यावर कोरलेली आडवी रेघ. सकाळी पाणी रेघेच्या किती खाली आहे ते ती बघते आणि वर जाऊन तेवढं सोडते. तिच्या सासऱ्यानेही तसंच केलं होतं. पट्टी, आकडे असलं काही त्या घरात कधी लागलं नाही.

मी काठावर पालथी पडून पाण्यात बघितलं. लॉकच्या भिंतीवर चुन्याची पांढरी रेघ आहे, शंभरेक वर्षं एकाच उंचीवर राहिलेल्या पाण्याने काढलेली. ती दिसत होती, पण पाण्याखाली. मी टेप सोडला. चौदा सेंटिमीटर.

"हा खुणेचा दगड कुणी हलवला होता का?"

"डांबरवाल्यांनी काढला होता की. वाट उंच केली ना, मग परत नीट बसवून दिला. आधी वाकडा होता. किती छान दिसतो आता, मी स्वतः घासून दिला."

मग तिचं चावणं थांबलं. मी पुढचं सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं. वाटेबरोबर दगडही चौदा सेंटिमीटर वर गेलाय. पाणउंदराचं बीळ पाण्यापाशी सुरू होतं आणि तिरकं वर चढतं. त्याची झोपायची कोरडी जागा जुन्या पातळीच्या जरा वर असते. एप्रिलपासून रोज दुपारी आपण त्या जागा भरतोय.

ओनोरीन उठली. झडपा उघडायचा लोखंडी दांडा तिने भिंतीवरून काढला आणि वरच्या दरवाजाच्या दोन्ही झडपा, मग खालच्या दोन्ही, अर्धा पाव तोंडात धरूनच फिरवल्या. पाणी लॉकमधून सरळ खाली धावायला लागलं. स्कूटर तिने वाटेवर आडवी लावली. किनाऱ्याच्या एका होडीतून कुणीतरी ओरडलं की टेबल कलतंय, आमची वाइन सांडतेय. ग्लास हातात धरा, असं तिने उत्तर दिलं.

मी हिशेब केला. चार किलोमीटर लांबी, चौदा मीटर रुंदी, चौदा सेंटिमीटर उतरवायचे: सात हजार आठशे चाळीस घनमीटर. चार झडपांतून सेकंदाला फार तर चार घनमीटर. तेहतीस मिनिटं. घड्याळात बाराला आठ कमी होते.

"एलोई कुठाय?" ओनोरीनने विचारलं.

"झोपलाय. घरी."

"मग तू इथे काय करतेस?"

परत जाताना पाझराशी थांबायचं नाही असं ठरवलं होतं, पण न बघता त्याच्यावरून पोराला कशी आणणार? थांबले. बाटली भरायला दोन सेकंद लागले. भोक मघाशी मुठीएवढं होतं, आता त्यात माझा हात कोपरापर्यंत गेला. वर येऊन वाटेवर गुडघे टेकले आणि डांबर बोटांनी चाचपलं. भेग नव्हती. खचल्याची खूण नव्हती. कान लावला तर मला माझंच हृदय ऐकू येत होतं, आणि बाकी काही ऐकायची माझी हिंमत नव्हती.

पेरीनने दार उघडलं तेव्हा तिच्या गालावर उशीचा वळ होता. आवाज खाली ठेवून ती माझ्यावर तुटून पडली. तासभर पाठ थोपटली, आत्ता कुठे डोळा लागला, तुझं पाझरपुराण संध्याकाळी ऐकेन, आता चालती हो.

"पेरीन, बांध फुटतोय."

तिने माझ्याकडे पाहिलं. माझा एक हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेला होता.  तिने एलोईला दुपट्यासकट उचलून सायकलमागच्या दोनचाकी गाडीत घातलं आणि पट्टे लावले. शेवटचा पट्टा मी लावला. एलोई उठला नाही.

कुठून जायचं ते मला ठरवायचं होतं. कुरणातून गेलो आणि बांध फुटला तर पाणी तिथेच येणार. वाटेवरून वरच्या लॉककडे गेलो तर तीन किलोमीटर, सगळीकडे तेच पाणी आणि तीच बिळं, आणि तो भाग मी आठवडाभर पाहिलेला नव्हता; त्या दिवशीचे बाराही पाझर घराच्या खालचे होते. खालच्या लॉककडे अकराशे मीटर, आणि वाईट जागा एकच, मला माहीत असलेली. माहीत असलेली जागा मी निवडली. पाझर कुरणाच्या बाजूला होता, म्हणून पोकळीही त्याच बाजूला असणार असं मी धरलं.

"पाण्याच्या कडेने चालव," मी पेरीनला सांगितलं. "अगदी कडेने. विलोंच्या पुढे गेलं की थांबायचं नाही, पेडल मारणं सोडायचं नाही, मागे बघायचं नाही."

"आणि तू?"

"मी तुझ्या मागे वीस मीटर. दोघींचं वजन एका जागी नको."

"ओरियान, मला असलं सांगू नकोस."

पेरीन एकसष्ट किलो, सायकल चौदा, गाडी आणि एलोई मिळून एकवीस. शहाण्णव. हा आकडा मी त्या अडीचशे मीटरांत किती वेळा म्हटला ते मोजलेलं नाही. विलो आले. पाझराचा आवाज आता वरूनही येत होता, टाकीचा नळ उघडा राहिल्यासारखा. पेरीनची गाडी कडेच्या दगडांना घासत त्या जागेवर पोचली. तिथे चाकांचा आवाज बदलला. बाकी वाटेवर सरसर होती, तिथे घुमला, रिकाम्या पिंपावर बोटं वाजवावीत तसा. चारेक मीटर. मग पुन्हा सरसर. पेरीन थांबली नाही, तिने मागेही पाहिलं नाही. तिला तो ऐकू आला की नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही.

मी सायकलवरून उतरले होते. ती जागा मी बांधाच्या उतारावरून, गवताला धरून, सायकल खांद्यावर घेऊन ओलांडली.

लॉकवर ओनोरीन एलोईला घ्यायला पुढे आली तेव्हा तो जागा झाला आणि रडायला लागला. पेरीन जमिनीवर बसली. बारा सव्वीसला भिंतीवरची पांढरी रेघ पाण्याबाहेर आली. दुपारी तीनला बाराव्या पाझराचं पाणी निवळलं, संध्याकाळी थेंबथेंब झालं. होड्या चिखलात रुतल्या होत्या आणि त्यांतले लोक ओनोरीनकडे उरलेले मसूर खात होते.

बुधवारी सकाळी दुरुस्तीच्या लोकांनी डांबर कापलं. मला आत उतरू दिलं नाही, पण टेपचं एक टोक माझ्या हातात होतं. पोकळी पाण्याच्या बाजूला होती. लांबी तीन मीटर ऐंशी, रुंदी एक मीटर दहा, खोली नव्वद सेंटिमीटर. तिच्यावरच्या डांबराची जाडी सहा सेंटिमीटर.